ट्युरिनमध्ये तिथलं पारंपरिक जेवण कुठे मिळेल? (आई-बाबा सोबत, आई शाकाहारी)

चाकणची चाकं | ६ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. कामासाठी तीन महिने ट्युरिनला आलोय. तिथले लोक तोरिनो म्हणतात. आमच्या गाड्यांच्या धंद्यात पुणे-ट्युरिन ये-जा नवी नाही. रांजणगावात इथल्याच फियाटचा कारखाना आला तेव्हापासून ओळखीतले कितीतरी जण इथे राहून गेलेत. पण जेवणाचं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: "तिथे सगळं बीफ असतं, पिझ्झा खा आणि झोप."

ऑक्टोबरच्या शेवटी आई-बाबा दहा दिवस येणार आहेत. आई शाकाहारी. अंडं पदार्थात मिसळलेलं असेल तर चालतं, नुसतं नाही. बाबा मासे, कोंबडी, मटण खातात, बीफ नाही. माझंही तसंच. बाबांची नोकरी एस.टी.त गेली. ज्या गावी मुक्काम पडेल तिथे "तुमच्याकडे आज काय रांधलंय?" असं विचारून जेवायचे. जळगावचं भरीत, सावंतवाडीची आंबोळी, नांदेडकडची धपाटी, सगळं त्यांनी असंच त्या-त्या गावात खाल्लं. अशा माणसाला पहिल्यांदा परदेशी आणून दहा दिवस पनीर बटर मसाला खायला घालणं मला पटत नाही.

तर इथलं खरं जेवण आम्हा तिघांना एका टेबलावर बसून खाता येईल का? कुठे?

सांजवारा | ६ सप्टेंबर, रात्री ११:२५

मी २०१४ मध्ये तीन आठवडे होतो तिथे. ऑफिसच्या कँटीनमध्ये भात आणि सॅलड, रात्री पिझ्झा. आज त्याची हळहळ वाटते. धाग्यावर लक्ष ठेवतो.

पो नदीकाठी | ७ सप्टेंबर, दुपारी १:१५

चाकणची चाकं, दहा वर्षं झाली मला इथे. माझ्या सासूबाई याच भागातल्या, पिएमाँतेच्या. त्यामुळे सविस्तर लिहिते.

मित्रांनी सांगितलेलं अर्धं खरं आहे. पिएमाँते हा गाईगुरांचा मुलूख. फास्सोना नावाची पांढरी गाय इथला अभिमान, आणि तिचं मांस कच्चंसुद्धा खातात. मेन्यूवर मान्झो, वितेल्लो, बुए, फास्सोना, ब्राझातो, बोल्लीतो यांतला कुठलाही शब्द दिसला की ते तुमच्यासाठी नाही असं समजा. वितेल्लो तोन्नातोचं नाव ऐकून टूनाचा पदार्थ वाटतो, पण ते वासराच्या मांसाचे गार काप असतात, वर टूनाची चटणी. आन्योलोत्ती देल प्लिन म्हणजे चिमटा काढून बंद केलेल्या इवल्या करंज्या. त्यात भाजलेल्या मांसाचं सारण असतं आणि त्या मांसात वासरू बहुतेक वेळा असतंच.

पण याच मुलखात डोंगर आहेत, चीज आहे, मका आहे, हेझलनट आहे, आणि भाजीबाजार तर असा की तुमच्या आईंना तिथून हलावंसं वाटणार नाही. शिवाय कॅथलिक लोक शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मांस टाळायचे. त्या दिवसांच्या स्वयंपाकाला 'दी माग्रो' म्हणतात. आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी उपास नसतानाही आवडीने खातात ना, तसे हे पदार्थ आता वर्षभर मिळतात. आन्योलोत्ती दी माग्रो मागा. आत रिकोता (ताजं मऊ चीज) आणि पालक, वर लोणी आणि सेजची पानं. हा पदार्थ कुणाला खूश करायला काढलेला नाही. घराघरांतला, पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

एक मात्र घोटून पाठ करा. 'सेंझा कार्ने' म्हणजे बिनमांसाचं, पण इथल्या हिशोबात मासा मांसात मोडत नाही. रिसोत्तोत, म्हणजे इथल्या मऊसर भातात, मांसाचं पाणी असतं तेही कुणी आपणहून सांगत नाही. पूर्ण वाक्य असं: "सेंझा कार्ने, सेंझा पेशे, सेंझा आच्चूगे, सेंझा ब्रोदो दी कार्ने." मांस नको, मासा नको, अँकोवी नको, मांसाचं पाणी नको. अँकोवीचं वेगळं नाव घ्या, कारण ती इथे मिठासारखी वापरतात.

आईंसाठी: ताजारिन, म्हणजे भरपूर पिवळे बलक घालून मळलेल्या बारीक शेवया. किलोभर पिठाला तीस-तीस बलकसुद्धा घालतात. लोणी-सेजबरोबर मागवा, ऑक्टोबर आहे तर पोर्चीनी अळंब्यांबरोबर. न्योक्की आल्ला बावा, बटाट्याचे मऊ गोळे आणि वर वितळलेलं चीज, उचलताना तार सुटते. पोलेंता कोंचा, मक्याच्या पिठाची उकड लोणी-चीजमध्ये घोटलेली. तोमीनी, छोटी ताजी चीजं, पार्सली-लसणाच्या हिरव्या वाटणात (त्या वाटणात अँकोवी असते, विचारून घ्या).

बाबांसाठी: आच्चूगे आल वेर्दे, हिरव्या वाटणातली अँकोवी, पावाबरोबर. कोनील्यो म्हणजे ससा, चालत असेल तर. आणि बान्या काउदा. त्यावर सवडीने लिहीन, हात धुऊन बसावं लागेल.

चाकणची चाकं | ७ सप्टेंबर, रात्री ९:०५

ताई, एवढं सगळं लिहिलंत! वाक्य पाठ करायला घेतलंय. जागांची नावंही द्या ना. आणि ससा बाबांना विचारून सांगतो.

पो नदीकाठी | ८ सप्टेंबर, सकाळी ११:३०

शोधायचा शब्द 'पिओला'. मुळात मोहल्ल्यातला दारूचा गुत्ता, जिथे वाइनसोबत चार पदार्थ मिळायचे. आता बऱ्याच पिओला नीट जेवणाच्या जागा झाल्यात, पण साधेपण टिकून आहे.

अगदी जुन्या धाटणीची हवी तर व्हिया पोर्ता पालातिनावरची काफे-विनी एमिलियो रान्झिनी. लाकडी टेबलं, पेल्याने वाइन, काउंटरवर अँकोवी, तोमीनी, उकडलेली अंडी. दुपारी बाबांना घेऊन जा. पोटभर जेवणासाठी नव्हे, बसण्यासाठी.

बसून जेवायला व्हिया चेनिस्कियावरचं आंतीके सेरे. मध्यवस्तीत नाही, पण इथले लोक पाहुण्यांना तिथे नेतात. आरक्षणाशिवाय जाऊ नका, आठवडाभर आधी फोन करा आणि तेव्हाच आईंचं सांगून ठेवा. मध्यवस्तीत प्यात्सा व्हित्तोरियोवर पोर्तो दी साव्होना, १८६३ पासूनचं. पर्यटक असतात, तरी जेवण पिएमाँतीच आहे, आणि जेवून उठलात की समोर नदी.

प्यात्सा कारिन्यानोवरचं देल काम्बियो १७५७ चं. इटलीचा पहिला पंतप्रधान कावूर तिथे जेवायचा. पण ते खिशाचं काम आहे. बाहेरून बघा आणि त्याच चौकात पेपीनोचं पिंग्विनो खा. चॉकलेटचं कवच असलेलं काडीवरचं आइस्क्रीम, १९३९ पासूनचं.

वेळा सांभाळा. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळी स्वयंपाकघर बंद. आपले लोक चार वाजता भुकेने फिरतात आणि शेवटी बर्गर खातात, ते याच कारणाने. बिलात 'कोपेर्तो' दिसेल, ती पाव आणि बसण्याची माणशी आकारणी, फसवणूक नव्हे. पाण्याला पैसे घालवू नका. रस्तोरस्ती बैलाच्या तोंडाचे हिरवे नळ आहेत, त्यांना तोरेत म्हणतात. बाटली भरून घ्या.

निर्मळ मुक्काम | ८ सप्टेंबर, दुपारी ४:५०

शाकाहारी आहे म्हणून दोन गोष्टी सांगते, नाहीतर नंतर कळलं की मनाला लागतं. पार्मिजानो, ग्राना पादानो, फोन्तिना, कास्तेलमान्यो ही सगळी चीजं वासराच्या पोटातलं रेनेट घालून विरजलेली असतात. तुमच्या आईंना चालत असेल तर प्रश्न नाही, पण त्यांना आधी सांगा, ठरवू त्यांना द्या. नको म्हणाल्या तर दुकानात 'काल्यो वेजेताले' (वनस्पतीजन्य रेनेट) लिहिलेलं चीज मिळतं. आणि पान्ना कोत्ता, म्हणजे सायीचं घट्ट गोड, याच भागातली आहे, पण तिच्यात जिलेटिन असतं, तेही जनावरांपासूनचं. बोनेत या कोको-पुडिंगमध्ये रम. गोडात हेझलनटचा केक निर्धास्त.

चाकणची चाकं | ८ सप्टेंबर, रात्री ८:२०

निर्मळ, फार बरं झालं सांगितलंत. आईला फोन केला. म्हणाली, "चीज खाईन, पण आता कळलंय तर थोडंच." जिलेटिन नको म्हणाली.

दूधसागर | ९ सप्टेंबर, सकाळी ८:१०

गोंयकार इथे हजर. अँकोवी म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातली. समुद्र नसलेल्या पिएमाँतेत ती आली मिठाच्या वाटेने. लिगुरियाच्या किनाऱ्यावरून डोंगर ओलांडून मीठ यायचं, त्याच्याबरोबर खारवलेल्या अँकोवीची पिंपं. व्हाल माइरा या डोंगरी खोऱ्यातले शेतकरी हिवाळ्यात शेत बर्फाखाली गेलं की हातगाड्या घेऊन गावोगाव अँकोवी विकत फिरायचे. पावसाळ्याच्या बेगमीला सुके बोंबील घेऊन घाटावर जाणाऱ्या आपल्या कोळणी आठवल्या मला. समुद्रापासून दूरच्या माणसाला खारवलेल्या माशाची किंमत जास्त कळते.

बारामतीची गुऱ्हाळं | ९ सप्टेंबर, दुपारी १२:४०

थोडं अवांतर. फेरेरो कंपनी ट्युरिनपासून साठेक किलोमीटरवरच्या आल्बा गावची, १९४६ ची. तिचा कारखाना आमच्या बारामतीत आहे. घरचे कामाला आहेत म्हणून आल्बाचं नाव आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. चॉकलेटात हेझलनट का, तर नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे कोको महागला आणि तिथल्या लोकांनी आपल्या डोंगरातल्या हेझलनटची पूड मिसळली, असं सांगतात. त्यातून १८६५ मध्ये जान्दुयोत्तो आलं, उलट्या होडीच्या आकाराचं, सोनेरी कागदातलं. बाबांना ते नक्की द्या.

पो नदीकाठी | १० सप्टेंबर, रात्री १०:००

आता बान्या काउदा. शब्दशः गरम बुडवण. लसूण, अँकोवी, ऑलिव्ह तेल, बस. लसूण माणशी एक गड्डा. सासूबाई पाकळ्यांमधला हिरवा कोंब काढतात आणि दुधात मंद शिजवतात, म्हणजे उग्रपणा जातो. मग तेलात अँकोवी अगदी बारीक आचेवर विरघळेपर्यंत. उकळी फुटली, लसूण तांबूस झाला, की बिघडलं. प्रत्येकापुढे मातीची छोटी शेगडी, तिला फोयोत म्हणतात, खाली मेणबत्ती. भाज्या बुडवून खायच्या: कार्दो, कोबी, सुंठीसारखे दिसणारे तोपिनाम्बूर कंद, बीट, भाजलेली कार्मान्योलाची मोठी मिरची. खाली पाव धरायचा, तेल त्यावर ठिबकतं. शेवटी उरलेल्यात अंडं फोडतात.

हे शरदात आणि थंडीत करतात, द्राक्षाची तोडणी उरकल्यावर. एकट्याने खायचा पदार्थ नाही, आपल्या हुरडा पार्टीसारखा आहे. आईंना चालणार नाही, पण त्याच भाज्या नुसत्या तेल-मिठाशी त्यांच्यापुढे ठेवतात, त्यामुळे टेबल एकच राहतं. दुसऱ्या दिवशी मीटिंग ठेवू नका, वास जात नाही.

भातखाचर | ११ सप्टेंबर, सकाळी ७:३०

मिलानहून ट्रेनने याल तेव्हा नोव्हारा-व्हेर्चेल्लीच्या पट्ट्यात खिडकीबाहेर बघा. इटलीतल्या भाताचा मोठा हिस्सा तिथे पिकतो. ऑक्टोबरात कापणी होत आलेली असेल. मी मे महिन्यात गेलो होतो, पाण्याने भरलेली चौकोनी खाचरं आणि मागे बर्फाचे आल्प्स. पेणचा आहे मी, भरून आलं.

चाकणची चाकं | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मंडळी, आई-बाबा काल परत गेले. आधी लिहायला वेळ झाला नाही. सगळं सांगतो.

पहिल्याच सकाळी पोर्ता पालात्सोच्या बाजाराला गेलो. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक. मागच्या बाजूला शेतकरी स्वतःचा माल घेऊन बसतात, त्या मांडवात आईने दीड तास काढला. एका आजीकडे कार्दो होता, राखाडी-पांढरा, सेलरीसारखा पण वाकलेला. आईने हातानेच विचारलं, हा वाकडा का? आजीने दोन्ही हातांनी माती लोटल्याची खूण करून दाखवली. झाड आडवं करून मातीत पुरतात, ते वर यायला वळतं आणि आतून पांढरं, कोवळं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण आईने अर्धा किलो घेतला आणि रात्री त्याची जिरं-हिंगाची भाजी केली. किंचित कडसर, छान लागली.

एक चूकही झाली. एका खानावळीत (नाव लिहीत नाही) मी भाजलेल्या मिरच्या मागवल्या. "सेंझा कार्ने, सेंझा पेशे" म्हटलं, आणि ताईंनी वेगळं सांगा म्हटलेला 'आच्चूगे' नेमका विसरलो. आईने घास तोंडात घेतला आणि थांबली. मिरचीच्या घडीत अँकोवी होती. तिने घास कागदात काढला, पाणी प्यायली, काही बोलली नाही. मलाच रडू आलं. वाढणाऱ्या मुलाला कळलं तेव्हा त्याने आतून स्वयंपाकीणबाईंना बोलावलं. त्यांनी आईचा हात धरून माफी मागितली आणि वेगळ्या तव्यावर न्योक्की करून आणले. आई त्यांना म्हणाली, मराठीतच, "अहो, तुम्हाला काय माहीत." त्यानंतर पूर्ण वाक्य कागदावर लिहून खिशात ठेवलं आणि प्रत्येक ठिकाणी तो कागदच दाखवला. पुढे एकदाही अडचण आली नाही.

आंतीके सेरेला फोन करून गेलो. आईला पोर्चीनीचे ताजारिन, बाबांना ससा (होय, खाल्ला. म्हणाले, कोंबडीहून गोड). बाबांनी सवयीप्रमाणे विचारलं, आज काय चांगलं झालंय ते आणा. मी भाषांतर केलं, आणि वाढणारीचा चेहरा एकदम खुलला. तिने मेन्यू बाजूला ठेवला आणि एकेक पदार्थ बोटांवर मोजून सांगायला लागली.

बान्या काउदा एका सहकाऱ्याच्या घरी झाली, आम्ही अकराजण. बाबांनी मातीच्या शेगडीत तोपिनाम्बूर बुडवला आणि खाली पाव धरला. शेजारच्या आजोबांनी ते पाहिलं आणि त्यांच्या पेल्यात वाइन ओतली. बाबा पीत नाहीत, तरी पेला ओठाला लावला. आईपुढे त्याच भाज्या, तेल आणि मीठ. तिथे बसून मला समजलं, एका टेबलावर जेवता येईल का हा माझा प्रश्न होता, आणि ताईंनी त्याचं उत्तर बान्या काउदाबद्दल लिहितानाच दिलं होतं.

काफे आल बिचेरीनला गेलो, कोन्सोलाता चर्चसमोर, १७६३ चं. छोटंसं दुकान, संगमरवरी टेबलं, बाहेर रांग. काचेच्या पेल्यात खाली गरम चॉकलेट, मध्ये कॉफी, वर गार साय. बाबांनी चमचा घातला तेवढ्यात बाजूच्या बाईंनी "नो, नो" म्हणून त्यांचं मनगट धरलं. ढवळायचं नाही. सायीतून गरम घोट वर येऊ द्यायचा. आईने दोन्ही हातांनी पेला धरून डोळे मिटले.

लिंगोत्तोही दाखवलं. बाबांना जुन्या फियाट कारखान्याच्या गच्चीवरचा गाड्या पळवायचा ट्रॅक बघायचा होता. त्याच बाजूला जुन्या कार्पानो व्हरमूथच्या (मसाले घातलेली वाइन) कारखान्यात २००७ पासून ईटाली आहे, मोठं खाद्यपदार्थांचं दुकान. तिथून जान्दुयोत्ती आणि व्हेर्चेल्लीचा तांदूळ बांधून दिला.

पण आईला सगळ्यात आवडली ती फारिनाता, जिचा इथे कुणी उल्लेखच केला नाही! जुन्या पिझ्झावाल्यांच्या पाटीवर 'पिझ्झा ए फारिनाता' लिहिलेलं असतं. आम्ही सहज शिरलो. भट्टीतून हातभर रुंद तांब्याचं ताट निघालं, त्यात बोटाच्या पेराहून पातळ पिवळा थर, वरून तांबूस, कडा कुरकुरीत. सुरीने वेडेवाकडे तुकडे केले आणि वर मिरपूड भुरभुरवली. आईने एक तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाली, "अरे, हे बेसन आहे." मग अख्खी बशी तिने एकटीने संपवली. निघेपर्यंत तीनदा गेलो. काल विमानतळावर जाताना विचारत होती, कसं करतात ते विचारून ठेव.

पो नदीकाठी | १० नोव्हेंबर, सकाळी १०:१५

वाचताना डोळे भरले. फारिनाता मूळची लिगुरियाची, इथे पिझ्झाच्या आधी खायची पद्धत आहे. मी लिहायला विसरले, चूक माझी.

आईंना सांगा: पाव किलो पीठ, पाऊण लिटर पाणी, म्हणजे एकास तीन. त्यांचं पीठ पांढऱ्या छोल्यांचं असतं, आपलं हरभऱ्याच्या डाळीचं, तरी जमतं. रात्री भिजवायचं, सकाळी वरचा फेस चमच्याने काढून टाकायचा, मग मीठ आणि अर्धी वाटी ऑलिव्ह तेल. ओव्हन जितका तापतो तितका तापवायचा, ताटही आत तापू द्यायचं. थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. हळद, ओवा, जिरं काही घालू नका, निदान पहिल्यांदा.

चाकणची चाकं | १० नोव्हेंबर, दुपारी १:०५

आईला आत्ताच वाचून दाखवलं. विचारतेय, ओव्हन नाही, बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून होईल का?

पो नदीकाठी | १० नोव्हेंबर, दुपारी १:४०

खालून होईल, वरून तांबूस येणार नाही. झाकणावर निखारे ठेवायची सोय असेल तर नक्की होईल.

चाकणची चाकं | १० नोव्हेंबर, दुपारी १:५२

गावच्या घरी चूल आहे. शनिवारी जाणार आहेत दोघं. पीठ शुक्रवारी रात्रीच भिजवते म्हणाली.